नकाशावरचं नाव गावाचं की रुळाचं?

कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटाचा नकाशा उघडा आणि नीडल्स गावापासून रुळांवर बोट ठेवून पश्चिमेकडे सरकत जा. जावा, आयबिस, होमर, गॉफ्स, फेनर, एसेक्स, डॅनबी, कॅडिझ, अँबॉय. इंग्रजी वर्णमाला उलटी चाललीय हे तिसऱ्या-चौथ्या नावाला लक्षात येतं. त्याच्या पुढे बॅगडॅड, सायबेरिया, क्लोंडाइक आणि मग लडलो. उन्हाळ्यात अंगाची लाही होते अशा ठिकाणी सायबेरिया आणि कॅनडातल्या गारठलेल्या मुलखाचं क्लोंडाइक! नावं ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती म्हणायची.

विकिपीडियावर नुकत्याच आलेल्या माणसाला अशी यादी दिसली की हात शिवशिवायला लागतात. डझनभर नावं म्हणजे डझनभर पानं. मीही सुरुवातीला एका अशाच नावावर पान केलं होतं. दोन ओळी, अक्षांश-रेखांश आणि 'हे एक निर्जन गाव आहे' असं ठोकून दिलं. महिन्याभरात पान काढून टाकलं गेलं. राग आला होता, पण काढणाऱ्याचं बरोबर होतं. तिथे गाव कधी नव्हतंच, समोरची गाडी जाईपर्यंत दुसरी गाडी तिथे थांबायची, एवढाच त्या जागेचा इतिहास. तेव्हापासून पान करण्याआधी काय तपासायचं याचा एक क्रम मी ठरवून घेतला आहे. तोच इथे देतो. उदाहरणं याच मार्गावरची घेतो, म्हणजे ताडून बघता येतील.

पहिली पायरी: नाव कशाला पडलं ते बघा

नीडल्स ते मोहावी हा मार्ग सदर्न पॅसिफिक कंपनीनं १८८३ साली पुरा केला. पुढे तो सांता फे या दुसऱ्या रेल्वे कंपनीकडे गेला. वाफेच्या इंजिनाला थोड्याथोड्या अंतरावर पाणी लागायचं. मार्ग एकेरी, त्यामुळे समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना वाट द्यायला जागा लागायची. रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीला राहायला आसरा लागायचा. म्हणून काही मैलांवर एक ठिकाण, आणि तारयंत्रावर त्याचा उल्लेख करता यावा म्हणून त्याला एक नाव. माणसं तिथे राहायला आली म्हणून नाव पडलं असं नाही. नाव आधी आलं, माणसं आली तर आली.

आणखी एक शब्द नीट समजून घ्या. आपल्याकडे सायडिंग म्हटलं की साखर कारखान्याचं किंवा खताच्या गोदामाचं सायडिंग डोळ्यांसमोर येतं. अमेरिकी रेल्वेच्या कागदात सायडिंग म्हणजे बहुतेक वेळा आपली लूप लाइन, गाडी 'क्रॉसिंगला' उभी करायची जागा. तेव्हा जुन्या कागदात एखाद्या नावापुढे सायडिंग लिहिलं असेल तर त्याचा अर्थ तिथे दुसरा रूळ होता, इतकाच. घरं होती की नाही, हे त्यातून कळत नाही.

दुसरी पायरी: आपल्या सवयी बाजूला ठेवा

मराठी लेखक इथे हमखास फसतो, कारण आपल्या मनात गाव म्हणजे महसुली गाव. त्याला शीव असते, गटनंबर असतात, तलाठी असतो, जनगणनेत क्रमांक असतो. गाव उठून गेलं तरी सरकार त्याला विसरत नाही, दप्तरी त्याच्यापुढे 'बेचिराग' लिहिलं जातं. दिवा लावायला कुणी नाही, पण सातबारा निघतो. म्हणून नकाशावर नाव दिसलं की गाव असणारच, असं आपण गृहीत धरतो.

अमेरिकेच्या पश्चिम भागात हे गृहीतक चालत नाही. तिथली जमीन गावांत वाटलेलीच नाही. सहा मैल गुणिले सहा मैल अशा चौकोनांत मोजलेली आहे आणि प्रत्येक चौकोनाचे छत्तीस तुकडे पाडलेले आहेत. या चौकोनाला टाउनशिप म्हणतात. ही टाउनशिप म्हणजे गाव नव्हे, शहर नव्हे, नुसती मोजणी आहे. तिथे एकही माणूस कधी राहिलेला नसला तरी टाउनशिप असतेच. 'अमुक टाउनशिपमध्ये' हे वाचून 'अमुक गावात' असं भाषांतर केलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

ज्या वस्तीनं रीतसर नगरपालिका स्थापन केली तिला कायद्यानं अस्तित्व. बाकीच्या वस्त्या थेट काउंटीच्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या, कारभाराखाली. त्यांची हद्द कुठे सुरू होते, कुठे संपते हे कुणीच ठरवलेलं नसतं. त्यांच्यासाठी 'बेचिराग' लिहिणारा तलाठीही नाही.

याची दुसरी बाजूही आहे. रेल्वे कंपन्या आणि जमिनीचे दलाल स्टेशनाभोवती प्लॉट पाडून त्याचा आराखडा काउंटीच्या कचेरीत दाखल करायचे. रस्ते आखलेले, चौक आखलेले, नावं दिलेली. प्लॉट विकले गेलेच असं नाही. तेव्हा आराखडा सापडला म्हणून गाव वसलं होतं असं धरून चालू नका.

तिसरी पायरी: नियम वाचा, पण सगळा वाचा

इंग्रजी विकिपीडियाचा भौगोलिक उल्लेखनीयतेचा, म्हणजे कोणतं ठिकाण स्वतंत्र पानाच्या लायकीचं हे ठरवण्याचा, नियम थोडक्यात असा. कायद्यानं मान्यता असलेल्या वस्तीला साधारणपणे पान मिळतं, लोकसंख्या कितीही कमी असो. वस्ती उठून गेली म्हणून तिची उल्लेखनीयता संपत नाही, कारण ती तिच्या पूर्ण इतिहासावरून ठरते. नवखे लोक इथवर वाचतात आणि थांबतात. पुढचं वाक्य जास्त कामाचं आहे: ज्या वस्तीला कायद्यानं मान्यता नव्हती तिचा निर्णय प्रकरणागणिक, सर्वसाधारण निकषावर होतो. म्हणजे त्या ठिकाणाशी हितसंबंध नसलेल्या विश्वासार्ह स्रोतांनी त्याच्याबद्दल दखल घेण्याजोगं काही लिहिलेलं हवं. आणि सरकारी नाव-कोशातली नोंद ही कायदेशीर मान्यता धरली जात नाही, हेही तिथे स्पष्ट सांगितलं आहे.

रेल्वेची उठून गेलेली ठिकाणं जवळजवळ सगळी या दुसऱ्या गटात पडतात. मराठी विकिपीडियावर पान करायचं असलं तरी कसोटी हीच लावा. 'अमुक हे तमुक काउंटीतील एक गाव आहे' छाप एकोळी पानं आपल्याकडे आधीच कमी नाहीत.

चौथी पायरी: एकेक पुरावा पारखून घ्या

सगळ्यात आधी भेटतो तो अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा भौगोलिक नाव-कोश. त्यात नावासमोर 'लोकवस्ती' असा प्रकार दिलेला असतो आणि माणूस तिथेच विरघळतो. पण हा कोश मुख्यतः खात्याच्याच नकाशांवरची नावं उचलून भरलेला आहे. हे नाव कशाचं, हे ठरवायला भरणाऱ्याकडे नकाशाखेरीज फारसं काही नव्हतं. रुळाशेजारी छापलेल्या नावांवर सर्रास 'लोकवस्ती'चा शिक्का बसला तो असा. पुढे तीच माहिती हवामानाच्या, नकाशांच्या, घरं विकणाऱ्यांच्या संकेतस्थळांनी जशीच्या तशी घेतली. त्यामुळे दहा ठिकाणी तेच दिसलं तरी स्रोत एकच. दहा आरशांत एकच तोंड.

मग पोस्ट ऑफिस. 'इथे अमुक साली पोस्ट ऑफिस उघडलं' हे वाक्य ठोस वाटतं. पण १९०१ साली अमेरिकेत ७६,९४५ पोस्ट ऑफिसं होती, आजच्या दुपटीहून जास्त. त्यातली कितीतरी एखाद्या दुकानाच्या कोपऱ्यात, रँचवरच्या घरात किंवा स्टेशनातच असायची. दुकानदार तोच पोस्टमास्तर. त्यानं दुकान हलवलं की पोस्ट ऑफिसही नावासकट हलायचं. पुढे खेड्यापाड्यांत घरपोच टपाल सुरू झालं आणि हजारो बंद पडली. पोस्ट ऑफिस असणं म्हणजे आसपास टपाल घेणारी माणसं होती, इतकं नक्की. ती दोन मैलांवर राहात होती की दाराशेजारी, ते दुसरीकडून काढावं लागतं. माझा अनुभव असा की पोस्ट ऑफिस फक्त दोन-तीन वर्षं चाललं असेल तर हुरळून जाऊ नये. तीसेक वर्षं चाललं असेल तर खोदायला सुरुवात करावी.

मला सगळ्यात आवडतं ते रेल्वेचं कर्मचाऱ्यांसाठीचं वेळापत्रक, म्हणजे आपल्याकडचं वर्किंग टाइमटेबल. जुन्या प्रती स्कॅन केलेल्या मिळतात. प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरांत खुणा असतात: 'डी' म्हणजे दिवसपाळीचा तारबाबू, 'एन' म्हणजे रात्रपाळीचा, 'डब्ल्यू' म्हणजे पाणी, 'वाय' म्हणजे इंजिन फिरवायची त्रिकोणी जागा. शेजारच्या रकान्यात सायडिंगमध्ये किती डबे मावतात त्याचा आकडा. आता वाचा. एका नावापुढे तारबाबू, पाणी, त्रिकोण, सगळं आहे. पुढच्या नावापुढे फक्त डब्यांचा आकडा. पहिल्या ठिकाणी निदान पाच-पंचवीस माणसांचा संसार असू शकतो. दुसऱ्या ठिकाणी एक पाटी आणि एक सांधा. अर्थात हा कंपनीचाच कागद, त्यावर उल्लेखनीयता उभी राहात नाही. पण वेळ कुठे घालवायचा आणि कुठे नाही, हे तो पाच मिनिटांत सांगतो.

जुने भूपट याच कामाचे. सर्वेक्षण खात्यानं त्यांचे स्कॅन फुकट खुले केले आहेत. वेगवेगळ्या सालांचे पट शेजारी ठेवा आणि नावाजवळचे काळे चौकोन मोजा. एक चौकोन म्हणजे साधारण एक इमारत. दोनच चौकोन आणि तेही रुळाला चिकटून असतील तर ते स्टेशन आणि गँगमनची चाळ. रुळापासून बाजूला निघालेला रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना चौकोन दिसले तर मात्र खुर्ची पुढे ओढा.

जनगणनेचे कागद खुणावतात, कारण ७२ वर्षांनी माणसागणिक माहिती खुली होते. १९५०ची २०२२ साली खुली झाली. गँगवर कोण होतं, कुठून आलं होतं, सगळं त्यात मिळतं. वाचायला गोड, पण त्यावरून 'गावाची लोकसंख्या ३४ होती' असं स्वतः मोजून लिहिणं हे मूळ संशोधन झालं. विकिपीडियाला ते चालत नाही. १८९०चे बहुतेक कागद तर आगीमुळे गेलेच आहेत, तिथे डोकं आपटू नका.

शेवटी वर्तमानपत्रं, आणि खरा निकाल तिथेच लागतो. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाचा (लायब्ररी ऑफ काँग्रेस) जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह आणि कॅलिफोर्नियाचा स्वतःचा संग्रह, दोन्ही फुकट शोधता येतात. शोधताना हे बघा: बातमी ठिकाणाबद्दल आहे की ठिकाणी घडलेल्या गोष्टीबद्दल? अमुक सायडिंगजवळ मालगाडी घसरली, ही बातमी अपघाताची. सायडिंगचं नाव तिथे फक्त पत्त्यासारखं आलेलं आहे. पण शाळा उघडली, दुकानदारानं नवी इमारत बांधली, मतदान केंद्र ठेवलं, आगीत अर्धी वस्ती जळाली, असं काही असेल तर तिथे लोक एकमेकांचे शेजारी म्हणून राहात होते. आपण जे शोधतोय ते हेच.

पाचवी पायरी: बॅगडॅडवर हात बसवा

आता हे सगळं एका ठिकाणी लावून बघू. बॅगडॅडची आज एकही इमारत उभी नाही. १९७३ साली इंटरस्टेट ४० हा नवा महामार्ग झाला, रूट ६६ या जुन्या महामार्गावरची रहदारी आटली आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला उरलंसुरलंही पाडलं गेलं.

शोधाच्या खिडकीत बॅगडॅड टाकलं की पहिला धक्का बसतो. १९१२च्या आसपासची वर्तमानपत्रं 'बॅगडॅड रेल्वे'च्या बातम्यांनी भरून वाहतायत! दोन क्षण आनंद होतो. मग कळतं की ही तुर्कस्तानातून इराकच्या बगदादकडे निघालेली जर्मन भांडवलाची रेल्वे आहे, कारण तेव्हाची इंग्रजी वर्तमानपत्रं त्या बगदादचं स्पेलिंगही Bagdad असंच लिहायची. त्यातून सुटलात तर अ‍ॅरिझोनातलं बॅगडॅड समोर येतं. ते तांब्याच्या खाणीचं आजही नांदतं गाव. शिवाय केंटकीत एक आणि फ्लोरिडात एक.

बरं, शोधाला काउंटीचं नाव जोडलं. आता 'बॅगडॅड-चेस' नावाची सोन्याची खाण सापडते, त्याच सॅन बर्नार्डिनो काउंटीत, मजकूरही भरपूर. इथे भलेभले गळाला लागतात. ही खाण बॅगडॅडला नव्हतीच. ती लडलोच्या दक्षिणेला, स्टेडमन नावाच्या वस्तीशी. तिचं खनिज छोट्या वेगळ्या रेल्वेनं लडलोला यायचं. म्हणजे तो सगळा मजकूर स्टेडमनच्या आणि लडलोच्या खात्यावर जमा करायचा.

एक सापळा सिनेमाचा. बॅगडॅडच्या कॅफेचं नाव घेऊन १९८७ साली एक सिनेमा निघाला, त्यावर ढीगभर लिहिलं गेलं. चित्रीकरण मात्र पार पश्चिमेला न्यूबेरी स्प्रिंग्जमध्ये झालं. गंमत अशी की लडलोसारख्या कोरड्या ठिकाणांना रेल्वेच्या टाक्यांतून पाणी यायचं तेही न्यूबेरीहूनच. नाव उधार बॅगडॅडचं, पाणी न्यूबेरीचं. सिनेमावरचे लेख सिनेमाच्या पानाला, बॅगडॅडच्या पानावर एक ओळ पुरे.

एवढं गाळून उरलं काय? हवामानाचा विक्रम: ३ ऑक्टोबर १९१२ ते ८ नोव्हेंबर १९१४, सलग ७६७ दिवस पावसाचा थेंब नाही. अमेरिकेतला हा सगळ्यात लांब कोरडा काळ. त्यामुळे हवामानाच्या संदर्भग्रंथांत बॅगडॅड कायमचं जाऊन बसलं. आता तुम्ही म्हणाल, मिळालं की! माझ्या मते नुसत्या विक्रमावर पान उभं राहू नये. विक्रम सांगणारे स्रोत त्या ठिकाणाबद्दल एकच ओळ लिहितात, आणि ती पावसाची असते. पण त्याच्या जोडीला दीर्घकाळ चाललेलं पोस्ट ऑफिस आहे, आसपासच्या खाणींचा माल चढवायची जागा म्हणून नोंदी आहेत, पुढे रूट ६६च्या काळातलं कॅफे-पेट्रोलपंपाचं वर्णन आहे, आणि वस्ती कशी संपली याचंही. वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या हेतूनं लिहिणाऱ्या माणसांनी या जागेकडे वळून पाहिलं आहे. बॅगडॅडला पान मिळावं, असा माझा कौल.

सायबेरिया आणि क्लोंडाइक याच कसोटीवर घासून बघा. नावाच्या गमतीवर सगळे जण एक वाक्य लिहितात, मी आत्ता वर लिहिलं तसंच. एका वाक्याचे वीस स्रोत जमवले तरी ते वीस वेळा तेच वाक्य असतं.

सहावी पायरी: 'पान नाही' म्हणजे 'माहिती नाही' नव्हे

नवख्यांना वाटतं, एक तर स्वतंत्र पान नाहीतर कचरापेटी. मधल्या वाटा जास्त आहेत. वर्णमालेतल्या नावांची ही अख्खी माळ एका लेखात उत्तम बसते. मार्ग कधी झाला, पाण्याची काय सोय होती, डिझेल इंजिनं आल्यावर पाण्याचे थांबे का ओस पडले, हे एकदाच सांगायचं आणि मग प्रत्येक ठिकाणाला मिळेल तितका मजकूर द्यायचा. गॉफ्सला दोन परिच्छेद मिळतील. तिथे १९१४ची शाळेची इमारत आहे, १९३१ साली रूट ६६ वळवल्यावर ते बाजूला पडल्याची गोष्ट आहे. खरं तर गॉफ्स स्वतंत्र पानाच्याच लायकीचं. आयबिसला एक ओळ मिळेल. सायबेरिया शोधणाऱ्याला पुनर्निर्देशनानं, म्हणजे एका नावावरून आपोआप दुसऱ्या पानावर नेणाऱ्या दुव्यानं, या लेखावर आणून सोडायचं. नुसते अक्षांश-रेखांश आणि नावच हाताशी असेल तर विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या माहितीकोशावर, नोंद करा. तिथे त्याची खरी सोय आहे.

वाचकाच्या बाजूनं बघितलं तरी हेच बरं. आठ ठिकाणी आठ एकोळी पानं उघडण्यापेक्षा एक सलग लेख कुणालाही आवडेल.

सातवी पायरी: लिहायला घ्या

थेट पान करू नका, आधी धूळपाटीवर, म्हणजे सदस्याच्या सरावाच्या पानावर, लिहा. पहिल्या वाक्यातच ठिकाण काय होतं ते नेमकं सांगा: 'रेल्वे स्थानक आणि वस्ती', 'लूप लाइनचा थांबा', 'खाणीचं माल-स्थानक'. भूतगाव, ओसाड नगरी असले शब्द तेव्हाच वापरा जेव्हा नगरी होती. जिथे दोन खोल्या होत्या तिथे भुतालाही जागा नव्हती.

मराठी शीर्षकाचा घोळ आधीच निस्तरा. 'बगदाद' लिहिलंत तर इराकची राजधानी, म्हणून 'बॅगडॅड, कॅलिफोर्निया'. अ‍ॅरिझोनाचं पान पुढेमागे कुणी करेलच, तेव्हा निःसंदिग्धीकरणाची, म्हणजे एकाच नावाची ठिकाणं वेगळी दाखवायची, सोय ठेवा. जावा आणि सायबेरिया यांनाही हेच लागू, नाहीतर इंडोनेशियातल्या बेटाचा दुवा मोहावीत येऊन पडायचा.

प्रत्येक विधानामागे स्रोत लावल्यावर एक सोपी परीक्षा घ्या. नाव-कोश, वेळापत्रक आणि नकाशा यांवर टेकलेली सगळी वाक्यं तात्पुरती झाकून टाका. उरलेल्या वाक्यांत वाचण्यासारखा एक तरी परिच्छेद शिल्लक राहतो का? राहिला तर पान प्रकाशित करा. नाही राहिला तर सहाव्या पायरीवर परत या. शंका असेल तर चावडीवर, म्हणजे मराठी विकिपीडियाच्या चर्चेच्या पानावर, विचारा, कुणीतरी जुना सदस्य दोन ओळींत सांगतो.

आणि तरी कुणी पान काढून टाकायला आलंच तर

इंग्रजी विकिपीडियावर पान काढून टाकण्याची चर्चा साधारण सात दिवस चालते. ते मतदान नसतं. 'राहू द्या, इतिहास आहे' असं दहा जणांनी लिहिलं तरी एका चांगल्या स्रोतापुढे त्याचं वजन कमी. मित्रांना बोलावून हात वर करायला लावू नका, ते लगेच ओळखू येतं आणि तुमचीच बाजू पडते. सात दिवस वाद घालण्यात घालवण्यापेक्षा वर्तमानपत्रांच्या संग्रहात घालवा. शाळेची, आगीची, दुकानाची एक बातमी सापडली की ती आधी पानात टाका आणि मग चर्चेत फक्त एवढंच लिहा: अमुक तारखेचा अंक, अमुक पान, मजकूर जोडला आहे. काहीच सापडलं नाही तर पान यादीत विलीन करावं असं स्वतःच सुचवा. मी माझ्या त्या पहिल्या पानाच्या वेळी हे केलं असतं, तर त्यातली एक ओळ तरी वाचली असती.